वेळनोंदीचं सॉफ्टवेअर: ग्राहकाला काय काय बदलू द्यायचं, आणि कसं?

पाळीपत्रक यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. कामाच्या ठिकाणची हजेरी आणि कामाचे तास नोंदवणारं सॉफ्टवेअर आहे. नोंदी तीन वाटांनी येतात: ब्राउझर, मोबाइल ॲप आणि दारावरचं बोटाच्या ठशाचं मशीन. डेटाबेस पोस्टग्रेस. वापरणाऱ्या संस्था २० माणसांपासून २,००० माणसांपर्यंत.

प्रत्येक संस्थेला काहीतरी वेगळं हवं असतं. कुणाला नोंदीत स्वतःचे रकाने हवेत (प्रोजेक्ट कोड, मशीन क्रमांक, कामाचा प्रकार), कुणाला १५ मिनिटांचं राउंडिंग (वेळ १५ मिनिटांच्या पटीत आणणं), कुणाला ५ मिनिटांचं, कुणाला अजिबात नको. ओव्हरटाइम कुणी दिवसावर मोजतं, कुणी आठवड्यावर, कुणी दोन्हीवर. सध्या एका टेबलात 'संस्था, सेटिंगचं नाव, किंमत (म्हणजे सेटिंगचं मूल्य)' असं साठवलंय. सेटिंग्ज साठच्या वर गेल्यात आणि कोडमध्ये जिकडे तिकडे 'हे सेटिंग चालू असेल तर' अशा अटी झाल्यात.

तीन नेमके प्रश्न:

१. ग्राहकाचे स्वतःचे रकाने कसे साठवावेत?
२. राउंडिंग, जेवणाच्या सुट्टीची वजावट, ओव्हरटाइम यांसाठी ग्राहकाला सूत्र लिहायची चौकट द्यावी का?
३. महिन्याच्या मध्यात कुणी सेटिंग बदललं की मागच्या, मंजूर झालेल्या टाइमशीटचे (कामाच्या तासांच्या तक्त्याचे) आकडेही बदलतात. हे कसं थांबवायचं?

---

कच्चीनोंद

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला नाही तर पहिल्या दोघांची कितीही छान उत्तरं वाया जातील.

तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकाच टेबलात राहताहेत असं दिसतं. एक म्हणजे घडलेली गोष्ट: अमुक माणसाने ९ वाजून ७ मिनिटं ४२ सेकंदांनी पंच केला (आल्या-गेल्याची नोंद केली). दुसरी म्हणजे त्या गोष्टीचा संस्थेने लावलेला अर्थ: ९ ला आला असं धरलं, अर्धा तास जेवणाचा वजा केला, १५ मिनिटं जादा. ग्राहकाने बदलायचा तो अर्थ. घडलेली गोष्ट कुणीही, अगदी संस्थेच्या प्रशासकानेही, बदलायची नाही. पंचांचं टेबल फक्त भर घालण्यापुरतं ठेवा. चुकीचा पंच दुरुस्त करायचा तर जुनी ओळ तशीच राहते आणि 'ही ओळ तिच्या जागी धरा' अशी नवी ओळ येते. सोबत कुणी केली, कधी केली, कारण काय. पंच करताना बोट दोनदा लागतं, म्हणून ६० सेकंदांच्या आत आलेला दुसरा पंच गणनेत धरू नका. पण पुसूही नका, त्यावर 'दुर्लक्षित' अशी खूण करा. हे ६० सेकंद सेटिंग असायला हरकत नाही.

आता नियम. प्रत्येक नियमाला 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' अशा दोन तारखा हव्यात. नियम बदलणं म्हणजे जुनी ओळ खोडणं नव्हे. जुन्या ओळीची मुदत संपवून नवी ओळ घालणं. मुदत अर्धउघडी ठेवा, म्हणजे सुरुवातीची तारीख धरायची आणि शेवटची धरायची नाही. असं केलं की दोन नियमांच्या सांध्यावर दिवस दोनदा मोजला जात नाही की सुटतही नाही. पोस्टग्रेसमध्ये रेंज टाइप (सुरुवात-शेवट मिळून एकच किंमत) आणि एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (अशा मुदती एकमेकींवर येऊ न देणारी अट) आहेत, सोबत बीट्री-जिस्ट हे जोड-एक्स्टेन्शन लागेल. एकाच संस्थेच्या एकाच प्रकारच्या दोन नियमांच्या मुदती एकमेकींवर आल्या तर डेटाबेसच नकार देतो. ही तपासणी ॲप्लिकेशनच्या कोडवर सोडू नका. दोन प्रशासकांनी एकाच क्षणी सेव्ह केलं की ती फसते.

तारखा फक्त नियमांना पुरत नाहीत. माणूस १२ तारखेला एका विभागातून दुसऱ्यात गेला, तर 'हा माणूस या विभागात' ही नोंदसुद्धा मुदतीची हवी. नाहीतर बदलीच्या दिवशी त्याचा अख्खा महिना नव्या विभागाच्या नियमाने मोजला जाईल. नियमांचा इतिहास ठेवून नेमणुकीचा इतिहास न ठेवणं ही चूक फार सर्रास दिसते.

आठवड्यावर चालणारे नियम (आठवड्याला ४० तासांपुढे ओव्हरटाइम वगैरे) बुधवारपासून लागू करू देऊ नका. मर्यादा मध्येच बदलली तर त्या आठवड्याचं उत्तर काय, हे गणिताने ठरत नाही. अशा नियमाची सुरुवात आठवड्याच्या पहिल्या दिवशीच व्हावी, पगाराच्या कालावधीवर चालणाऱ्याची कालावधीच्या पहिल्या दिवशी. तारीख निवडायच्या पडद्यावर बाकीचे दिवस निवडताच येऊ नयेत.

आणि मंजूर टाइमशीट: तिथे उत्तर साठवून ठेवा, प्रत्येक वेळी नव्याने काढू नका. प्रत्येक दिवसाच्या ओळीत नियमाच्या आवृत्तीचा क्रमांक लिहा, आणि गणना करणाऱ्या कोडचाही आवृत्ती क्रमांक लिहा. दुसरा क्रमांक बहुतेक जण विसरतात. सेटिंगला कुणी हात लावला नाही तरी तुमच्या कोडमधला दोष दुरुस्त झाल्यावर जुने आकडे हलू शकतात, आणि मग 'का हलले' याचं उत्तर कुठेच सापडत नाही.

पगार निघाल्यावर जुन्या दिवसात बदल करायची वेळ आली तर तो दिवस उघडू नका. नव्या नियमाने उत्तर काढा, जुन्यातून वजा करा, आणि फरकाची ओळ चालू कालावधीत टाका. मूळ तारखेचा दुवा त्या ओळीवर असू द्या.

---

रकानेदार

पहिल्या प्रश्नाचं बघू.

मार्ग चार आहेत. प्रत्येक रकान्यासाठी टेबलात खरंखुरं कॉलम वाढवणं: अनेक संस्था एकाच डेटाबेसमध्ये असतील तर हे विसरा. रकाना-किंमत अशा उभ्या ओळींचं टेबल: लिहायला सोपं, पण अहवालात पाच रकाने दाखवायचे तर तेच टेबल पाचदा जोडावं लागतं. आधीच तयार ठेवलेले ठरावीक कॉलम, म्हणजे मजकुराचे दहा, आकड्यांचे दहा, तारखांचे पाच: दिसायला ओबडधोबड, पण वेगवान, आणि मर्यादा आपोआप लागते. चौथा, जेसनबी (पोस्टग्रेसचा नाव-किंमत जोड्या साठवणारा प्रकार): एकाच कॉलममध्ये सगळे रकाने.

पोस्टग्रेस आहे तर जेसनबी घ्या, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. जिन इंडेक्स (जेसनबीच्या आत शोधायची सूची) 'या रकान्यात ही किंमत आहे का' अशा शोधाला उपयोगी पडतो. 'अमुकपेक्षा जास्त' किंवा क्रमवारी यांना तो कामाचा नाही. त्यासाठी त्या एका रकान्यावर एक्स्प्रेशन इंडेक्स (त्याच्याच किमतींची वेगळी सूची) लागतो. दुसरं, जेसनबीच्या आतल्या किमतींची आकडेवारी डेटाबेस नीट ठेवत नाही, त्यामुळे मोठ्या अहवालात क्वेरी प्लॅनरचा (माहिती कुठल्या वाटेने शोधायची ते ठरवणाऱ्या भागाचा) अंदाज चुकतो आणि क्वेरी अचानक रेंगाळते. जे दोन-तीन रकाने प्रत्येक अहवालात येतात (प्रोजेक्ट हा त्यातला पहिला), ते कस्टम नसतातच. त्यांना पहिल्या दिवसापासून पक्कं कॉलम द्या.

साठवणुकीपेक्षा रकान्याची व्याख्या जास्त महत्त्वाची. जेसनमध्ये किल्ली म्हणून रकान्याचं दिसणारं नाव कधीही वापरू नका. ग्राहक आज 'मशीन क्र.' लिहितो, पुढच्या आठवड्यात 'यंत्र क्रमांक' करतो, आणि जुन्या नोंदी अनाथ होतात. किल्ली म्हणजे कधी न बदलणारा आयडी. निवडीच्या यादीतल्या पर्यायांनाही तेच लागू: साठवायचा तो पर्यायाचा आयडी, दिसणारा शब्द वेगळा. पर्याय काढून टाकायची सोय द्यायचीच नाही, फक्त 'यापुढे दाखवू नका'. जुन्या टाइमशीटवर तो दिसत राहिला पाहिजे.

रकान्याचा प्रकार एकदा ठरला की ठरला. मजकुराचा रकाना आकड्याचा करू दिला की कुठल्यातरी जुन्या नोंदीत 'अंदाजे ४०' असं लिहिलेलं सापडतं आणि अहवाल तिथेच कोसळतो. ग्राहकाला नवा रकाना करायला लावा, जुना झाका.

आता सक्तीच्या रकान्यांबद्दल, कारण माहितीची माती इथेच होते. पंच करताना सक्तीचा रकाना विचारू नका. पाळी सुरू होताना दारावर रांग असते. माणूस यादीतला पहिला पर्याय दाबून मोकळा होतो आणि तुमच्या अहवालात सगळं काम 'असेंब्ली' या एकाच नावाखाली जमा होतं. सक्ती कधी लागू होते हेच सेटिंग करा: पंच करताना, दिवस संपताना की टाइमशीट पाठवताना. ग्राहकाने काहीच निवडलं नाही तर 'पाठवताना' हे धरावं. आणि यादीत आधीपासून काही निवडलेलं ठेवू नका. ठेवायचंच तर त्या माणसाने शेवटी वापरलेला पर्याय ठेवा.

एका नोंदीवर किती रकाने? तांत्रिक मर्यादा २० ठेवा, पण सक्तीच्या रकान्यांना ३ ची मर्यादा वेगळी घाला. ग्राहक कुरकुर करतील. तरी घाला.

---

गणिताचा_क्रम

सूत्राची चौकट देऊ नका. 'सूत्र लिहिता येतं' ही विक्रीच्या बैठकीत भारी वाटणारी गोष्ट आहे, पण ते सूत्र लिहिणारा माणूस संस्था सोडून गेला की मागे राहतं ते कुणालाच न कळणारं, न तपासलेलं सॉफ्टवेअर, आणि त्याच्या चुकांचा फोन तुम्हालाच येतो.

त्याऐवजी गणना ठरलेल्या क्रमाच्या टप्प्यांची करा आणि प्रत्येक टप्प्यात मोजके तयार प्रकार द्या, ज्यांचे आकडे ग्राहक भरेल. माझा क्रम असा: पंचांच्या आत-बाहेर अशा जोड्या लावणं, राउंडिंग, जेवणाच्या सुट्टीची वजावट, दिवस ठरवणं, दिवसाचा ओव्हरटाइम, आठवड्याचा ओव्हरटाइम, दराचे गुणक. हा क्रम ग्राहकाला बदलू द्यायचा नाही. का, ते एका उदाहरणात बघा. नियम: ६ तास किंवा जास्त काम झालं तर ३० मिनिटं वजा. माणसाने ५ तास ५८ मिनिटं काम केलं. आधी १५ मिनिटांचं राउंडिंग केलं तर ६:०० होतात, वजावट लागते, उरतात ५:३०. आधी वजावट तपासली तर ती लागतच नाही, आणि राउंडिंगनंतर ६:०० राहतात. तोच माणूस, तोच दिवस, अर्ध्या तासाचा फरक.

याच नियमात आणखी एक खड्डा आहे. ५:५९ काम करणाऱ्याला ५:५९ मिळतात, ६:०१ करणाऱ्याला ५:३१. दोन मिनिटं जास्त थांबला म्हणून २८ मिनिटं गेली. म्हणून वजावटीचे दोन प्रकार हवेत: 'पूर्ण वजा करा' आणि 'मर्यादेच्या वर जितकं असेल तितकंच, जास्तीत जास्त ३० मिनिटं'. दुसऱ्या प्रकारात ६:०१ चे ६:०० होतात. आपोआप निवडलेला प्रकार दुसरा असावा.

राउंडिंगला निदान तीन प्रश्नांची उत्तरं लागतात: किती मिनिटांचं, कुठल्या दिशेने (जवळचं, मागे, पुढे), आणि कशावर (प्रत्येक पंचावर की दिवसाच्या बेरजेवर). तिसरा प्रश्न सेटिंगच्या पडद्यावर सहसा नसतोच. ८:५३ ला आत, १७:०७ ला बाहेर. १५ मिनिटांचं जवळचं राउंडिंग. पंचावर केलं तर ९:०० ते १७:००, म्हणजे ८ तास. बेरजेवर केलं तर प्रत्यक्ष ८:१४, त्याचे ८:१५. आणि सेकंदांचं काय करता ते लिहून ठेवा. ९:०७:५९ मधले सेकंद आधी कापले तर ९:०७ होतात आणि राउंडिंगने ९:००. न कापता केलं तर मध्यबिंदू ९:०७:३० असल्यामुळे ९:१५. ब्राउझर आणि मोबाइल ॲप ही गणना वेगवेगळी करत असतील तर एकाच माणसाला दोन पडद्यांवर दोन उत्तरं दिसतात. गणना एकाच जागी, सर्व्हरवर.

ओव्हरटाइम दोन्हीवर मोजणाऱ्या संस्थांसाठी: दिवसाला ८ च्या वर आणि आठवड्याला ४० च्या वर. तास १०, १०, ८, ८, ८, बेरीज ४४. दिवसाच्या नियमाने ४ तास जादा. आठवड्याच्या नियमानेही ४४ वजा ४०, म्हणजे ४. दोन्ही मिळवून ८ दिले तर तेच तास दोनदा मोजले. दिवसाच्या नियमात गेलेले तास आठवड्याच्या बेरजेतून आधी काढा: उरले ४०, आठवड्याचा ओव्हरटाइम शून्य. सहाव्या दिवशी ४ तास आणखी केले तर बेरीज ४८, त्यातले दिवसाचे ४ काढून ४४, म्हणून आठवड्याचे ४, एकूण ८. ही दोन उदाहरणं जशीच्या तशी चाचणीत घाला.

तास कधीही दशांशात साठवू नका. ७ तास २० मिनिटं म्हणजे ७.३३, पाच दिवसांचे ३६.६५. खरे तास ३६:४०, म्हणजे ३६.६७. डेटाबेसात पूर्ण सेकंद, दशांश फक्त शेवटच्या बेरजेवर आणि फक्त दाखवताना. आणि ७:५० वाचून कुणी ७.५० भरू नये म्हणून दोन्ही रूपं पडद्यावर कधीच शेजारी-शेजारी ठेवू नका.

नियम बदलण्याआधी चाचणी फेरी सक्तीची करा. नवा नियम मागच्या ३ पगार-कालावधींच्या खऱ्या पंचांवर चालवायचा, काहीही न साठवता, आणि किती माणसांचे किती तास बदलतात याची यादी फरकाच्या उतरत्या क्रमाने दाखवायची. प्रशासकाला नियमाचं वाक्य वाचून चूक कळत नाही. ओळखीच्या माणसाचे ६ तास गायब झालेले दिसले की लगेच कळते.

ज्यांचं तयार प्रकारांनी भागतच नाही अशा थोड्या ग्राहकांसाठी सीईएलसारखी (कॉमन एक्स्प्रेशन लँग्वेज), लूप नसलेली आणि मुद्दाम मर्यादित ठेवलेली अभिव्यक्तीची भाषा एखाद्या टप्प्यात बसवता येते. ती तुमच्या लोकांनी लिहायची, ग्राहकाने नव्हे.

---

पाळीपत्रक

फार उपयोग झाला, आभार. आणखी तीन गोष्टी विचारतो.

(अ) रात्रपाळी २२:०० ते ०६:००. ती कुठल्या दिवसात धरायची?
(आ) संस्था, शाखा, विभाग, माणूस अशा चार पातळ्यांवर सेटिंग हवंय. सध्या नवा विभाग केला की संस्थेची सगळी सेटिंग्ज त्यात कॉपी होतात.
(इ) सेटिंग्ज वाढली तशी तपासणी आवाक्याबाहेर चाललीय. त्यावर काय करता?

---

यूटीसीवाला

(अ) तीन प्रकार द्या: पाळी सुरू झाली तो दिवस, जास्त तास पडले तो दिवस, मध्यरात्रीला दोन तुकडे. साधारण कामाला पहिला, सुट्टीच्या दिवसाचा वेगळा दर असेल तिथे तिसरा. २२ ते ०६ मध्ये दुसऱ्या प्रकाराने सगळे आठ तास दुसऱ्या दिवसावर जातात, हे ग्राहकाला आधी दाखवा. मग दिवस मध्यरात्रीच बदलतो असं धरू नका, 'दिवस किती वाजता बदलतो' हे सेटिंग ठेवा. रात्रपाळीच्या ठिकाणी ०४:०० सारखी वेळ लागू शकते. बाहेर पडायचा पंच राहिला तर १२ तासांनी आपोआप पाळी बंद करून ते तास मोजू नका. पाळी 'अपूर्ण' म्हणून वेगळ्या यादीत टाका. आपोआप लावलेली वेळ मंजूर करणाऱ्याला खरीच वाटते.

तुम्ही विचारलं नाही, पण रात्रपाळी आली की टाइम झोन येतोच. पोस्टग्रेसच्या 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' या प्रकाराच्या नावाला भुलू नका. ते झोन साठवत नाही, यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलून फक्त क्षण साठवतं. म्हणून शेजारच्या कॉलममध्ये झोनचं आयानाच्या यादीतलं नाव (उदा. 'एशिया/कोलकाता') ठेवा. '+०५:३०' असा फरक ठेवून भागत नाही, कारण घड्याळ पुढे-मागे करणाऱ्या प्रदेशांत तो वर्षातून दोनदा बदलतो. घड्याळ तासाने पुढे जातं त्या रात्री २२ ते ०६ ही पाळी खरी ७ तासांची असते, मागे येतं त्या रात्री ९ तासांची. आणि मागे येताना मध्यरात्रीनंतरचा एक तास दोनदा येतो, तेव्हा 'दीड वाजता बाहेर पडला' या हातनोंदीचे दोन अर्थ होतात. त्या एका रात्रीपुरतं 'पहिला दीड की दुसरा' असं विचारणारा पडदा लागतो.

फरक नेहमी पूर्ण तासांचा असतो असंही धरू नका. नेपाळ यूटीसीच्या ५:४५ पुढे आहे. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर घड्याळ अर्ध्या तासाने हलतं. सामोआने तर ३० डिसेंबर २०११ हा दिवसच वगळला, आणि मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागांत घड्याळ बदलणं बंद केलं. यातून निघणारा नियम असा: झालेला पंच यूटीसीत साठवा, पण पुढच्या महिन्याचं पाळ्यांचं वेळापत्रक स्थानिक वेळ आणि झोनचं नाव अशा जोडीत साठवा. ते आधीच यूटीसीत बदलून ठेवलं आणि मध्येच त्या देशाने नियम बदलला, तर सगळ्या पाळ्या तासाने सरकतात. झोनचा डेटा सर्व्हरवर आणि ॲपमध्ये वेळच्या वेळी अद्ययावत करायचं काम कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.

मोबाइल ऑफलाइन असताना फोनचं घड्याळ मागे करून पंच करता येतो. पंचासोबत तीन वेळा पाठवा: फोनचं घड्याळ काय म्हणतं, फोन चालू झाल्यापासून किती वेळ गेला (हे वापरणाऱ्याला सहज बदलता येत नाही), आणि सर्व्हरला नोंद केव्हा मिळाली. शेवटच्या ऑनलाइन जुळणीशी ताडून फरक काढा. फोन मध्ये बंद होऊन पुन्हा चालू झाला असेल तर दुसरी वेळ शून्यापासून सुरू होते, ती नोंद तपासणीच्या यादीत टाका. आणि पंचाचा यूयूआयडी (दुसऱ्या कशाशीही न जुळणारा आयडी) फोनवरच तयार करा. नेटवर्क अडखळलं की ॲप तीच नोंद पुन्हा पाठवतं; आयडी सर्व्हरने दिला तर एकाचे दोन पंच होतात.

---

रकानेदार

(आ) कॉपी करणं लगेच थांबवा. कॉपी झालेल्या विभागात 'संस्थेसारखंच ठेवायचं आहे' आणि 'मुद्दाम हीच किंमत हवी आहे' यांतला फरक कायमचा हरवतो. विभागाच्या ओळीत किंमत नसेल तर वरच्या पातळीची घ्यायची, एवढा साधा नियम. पडद्यावर प्रत्येक सेटिंगसमोर लागू किंमत आणि ती कुठून आली हे दिसलं पाहिजे: '१५ मिनिटं, संस्थेकडून'. बदलली असेल तर 'पुन्हा संस्थेचीच घ्या' असं बटण. वरच्या पातळीला कुलूपही हवं, म्हणजे संस्थेने ठरवलं तर विभागाला हात लावता येणार नाही.

माणसाच्या पातळीवर मात्र कंजूषपणा करा. राउंडिंग किंवा ओव्हरटाइमचा नियम थेट माणसावर लावू देऊ नका. त्यासाठी गट करा, भले गटात एकच माणूस असो. माणसावर लावलेले अपवाद कुठल्याच यादीत दिसत नाहीत आणि नियम बदलला तरी ते तसेच चिकटून राहतात.

जुनी कॉपी झालेली ओळ साफ करताना: वरच्या पातळीइतकीच किंमत असलेल्या ओळी काढून टाका, पण आधी प्रशासकाला यादी दाखवा. काही ओळी योगायोगाने सारख्या असतात.

---

गणिताचा_क्रम

(इ) हो-नाही प्रकारची २० सेटिंग्ज म्हणजे १०,४८,५७६ जोडण्या. सगळ्या तपासणं शक्य नाही. कुठल्याही दोन सेटिंगच्या सगळ्या जोड्या निदान एकदा येतील अशा पेअरवाइज चाचण्या करा. त्या काही डझनांत बसतात. त्याच्या जोडीला प्रत्येक मोठ्या ग्राहकाच्या खऱ्या सेटिंगवर ३०-४० दिवसांच्या टाइमशीट हाताने तपासून ठेवा: रात्रपाळी, राहिलेला पंच, घड्याळ बदललेली रात्र, सुट्टीच्या दिवशीचं काम, महिन्याच्या मध्यात बदली. प्रत्येक आवृत्तीआधी त्या चालवा. एका मिनिटाचा फरक आला तरी आवृत्ती थांबली पाहिजे.

खरा उपाय मात्र सेटिंग्ज कमी करणं हाच. साठ सेटिंग्जपैकी सगळ्या ग्राहकांनी एकच किंमत ठेवलेली कुठली, हे एका क्वेरीत कळेल. ती सेटिंग्ज काढा आणि ती किंमत कोडमध्ये पक्की करा. हळूहळू चालू करायच्या नव्या सोयींचे फ्लॅगही (तात्पुरत्या चालू-बंद खुणा) या टेबलात असतील तर ते वेगळे करा. त्यांना संपण्याची तारीख असते, सेटिंगला नसते.

---

कच्चीनोंद

वर कुणी बोललं नाही म्हणून: ज्याची नोंद होते त्या माणसाच्या बाजूच्या सेटिंग्ज. इथे काही गोष्टी ग्राहकाच्या हातात देऊच नका असं माझं ठाम मत आहे. कर्मचाऱ्याला त्याचे मूळ पंच, त्यांवर झालेले बदल आणि बदल करणाऱ्याचं नाव दिसणं, हे बंद करायचं बटण नको. युरोपीय न्यायालयाने १४ मे २०१९ च्या निकालात (सी-५५/१८) रोजच्या कामाचे तास मोजणारी पद्धत वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि पाहता येण्याजोगी असावी असं म्हटलं. हे तीन शब्द कुठेही आराखड्यासाठी चांगले आहेत. बदलांचा इतिहास बंद करायची सोयही नको.

ठिकाण घ्यायचं तर फक्त पंचाच्या क्षणी. शक्य असेल तर अक्षांश-रेखांश न साठवता 'हद्दीच्या आत की बाहेर' एवढंच उत्तर आणि त्या वेळची अचूकता साठवा. हद्द ५० मीटरची आणि फोन सांगतोय अचूकता ८० मीटर, तर आत बसलेला माणूसही बाहेर दिसतो. अँड्रॉइडवर तो अचूकतेचा आकडा म्हणजे सुमारे ६८ टक्के शक्यतेचं वर्तुळ असतं, शंभर टक्क्यांचं नव्हे. अंतरातून अचूकता वजा करून मगच हद्दीशी तुलना करा, हद्द १५० मीटरच्या खाली भरू देऊ नका, आणि बाहेर दिसला तरी पंच नाकारू नका. पंच घ्या, खूण करा, माणसाने ठरवावं.

ठशाच्या मशीनला नेहमी दुसरी वाट ठेवा: पिन किंवा कार्ड. कामाने झिजलेली, ओली, जखमी बोटं मशीन ओळखत नाही, आणि त्या माणसाचा उशीर खरा नसतो. जीडीपीआर या युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम ९ मध्ये ओळख पटवण्यासाठीची बायोमेट्रिक माहिती विशेष वर्गात मोडते. त्यामुळे ही दुसरी वाट कुठल्याच सेटिंगने बंद होता कामा नये.

---

पाळीपत्रक

सेटिंग्जची क्वेरी चालवली. १९ सेटिंग्जना सगळीकडे एकच किंमत आहे, ती काढतो. शेवटचं एक: पगाराच्या सॉफ्टवेअरकडे जाणारी फाइल. प्रत्येकाला कॉलमचा क्रम वेगळा हवा. तिथे काय सांभाळायचं?

---

रकानेदार

क्रम, शीर्षक, तारखेचं रूप, तास दशांशात की तास-मिनिटांत: हे चारही बिनधास्त बदलू द्या, यात धोका नाही. साचा जतन करा आणि त्यालाही आवृत्ती द्या. तारखेचं रूप निवडलेलं नसेल तर २०२४-०३-०५ असं वर्षापासून लिहा. ०५/०३ ची ३ मे आणि ५ मार्च अशी दोन्ही वाचनं होतात.

फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केली की '००४१७' चा '४१७' होतो आणि पगाराच्या बाजूला माणूस सापडत नाही. कर्मचारी क्रमांकाला अक्षर जोडा किंवा थेट एक्सेल फाइल देऊन तो कॉलम मजकुराचा ठेवा. देवनागरी नावं सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकूर-फाइलमध्ये) असतील तर यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) फाइलच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे ती पद्धत ओळखायची अदृश्य खूण, लागतो, नाहीतर एक्सेलमध्ये नावांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसू शकतो. पण काही पगाराची सॉफ्टवेअर त्याच बीओएममुळे पहिल्या कॉलमचं शीर्षक ओळखत नाहीत, म्हणून ते साच्यात चालू-बंद करता यावं.

तासांच्या प्रकारांची जुळणी (साधे, जादा, रात्रीचे, सुट्टीचे) ग्राहकच भरणार. एखाद्या प्रकाराला पगाराचा कोड दिलेला नसेल तर ती ओळ गाळून फाइल बनवू नका. निर्यात थांबवा आणि कुठला प्रकार राहिला ते दाखवा. गाळलेली ओळ कुणाच्या तरी पगाराच्या दिवशीच लक्षात येते. फाइलवर तुकडीचा क्रमांक घाला आणि कुठल्या टाइमशीट कुठल्या तुकडीत गेल्या ते नोंदवा. दुसऱ्यांदा 'निर्यात' दाबलं तर तीच तुकडी, त्याच क्रमांकाने, पुन्हा बाहेर पडली पाहिजे. नवी बनता कामा नये.